मानवी अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज: मागवण्यापासून मोजण्यापर्यंत, नागपूरच्या उन्हासकट

"मॅडम, डब्बा तर थंडाच नाही लागून राहिला."

प्रयोगशाळेतल्या काकांनी थर्माकोलचं खोकं टेबलावर ठेवलं तेव्हा मे महिन्याचा दुसरा आठवडा होता आणि दुपारचे तीन वाजले होते. आत ड्राय आइसचा मागमूस नव्हता. जेल-पॅक शेकायच्या पिशवीसारखे लिबलिबीत झाले होते. त्यांच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी बाटली आणि तिच्या तळाशी पांढऱ्या पावडरीची पातळ चकती. पार्सल तीन दिवस वाटेत होतं, त्यातला एक दिवस सुट्टीचा. आतलं एन्झाइम अर्धंअधिक गेलं होतं. हे आम्हाला कळलं, कारण आधी स्वस्तातल्या एन्झाइमवर हात बसवलेला होता आणि चांगला आकडा कसा दिसतो ते ठाऊक होतं. नाहीतर तीच मेलेली बाटली घेऊन एखाद्या विद्यार्थिनीने वर्षभर प्रबंधाचे आकडे काढले असते.

हा लेख फार्मसी, जीवरसायन किंवा प्राणिशास्त्र विभागात नव्याने या कामाला लागलेल्यांसाठी आहे. मला सांगायचंय ते थोडक्यात असं: महागडी बाटली उघडण्याआधी तिच्याशिवाय जेवढं करता येईल तेवढं सगळं करून ठेवा.

हे एन्झाइम करतं काय

मज्जातंतू स्नायूला किंवा दुसऱ्या मज्जातंतूला निरोप देतो तो बऱ्याच ठिकाणी अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनाच्या रूपात. निरोप पोचल्यावर ते रसायन लगेच पुसलं गेलं पाहिजे, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. हे पुसण्याचं काम अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज करतं. त्याचा वेग अफाट आहे: एक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडतो. स्मृतिभ्रंशावरची डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन ही औषधं याच एन्झाइमला आवरतात, म्हणजे मेंदूत उरलेलं थोडं अ‍ॅसिटिलकोलिन जास्त वेळ टिकतं.

विदर्भात याची दुसरी बाजूही माहीत असायला हवी. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं हेच एन्झाइम कायमचं निकामी करतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर आमच्याकडे या विषयावर काम करायला येणाऱ्या मुलांना वेगळी प्रस्तावना द्यावी लागत नाही. फक्त एक बजावून सांगते: प्रयोगात 'पॉझिटिव्ह कंट्रोल' म्हणून, म्हणजे एन्झाइम नक्की दाबतं हे आधीच माहीत असलेला नमुना म्हणून, कीटकनाशक वापरायचं नाही. डोनेपेझिल किंवा गॅलँटामिन पुरे.

आपण मागवतो ते मानवी एन्झाइम 'रिकॉम्बिनंट' असतं, म्हणजे माणसाच्या जनुकावरून दुसऱ्या पेशींत बनवून घेतलेलं. आमच्या खरेदी विभागातल्या भाऊसाहेबांनी फाईल परत पाठवली होती, "मानवी आहे तर एथिक्स कमिटीची परवानगी जोडा" असा शेरा मारून. यात कुणा माणसाचं रक्त-मांस घेतलेलं नसतं, बाटलीत शुद्ध केलेलं प्रथिन असतं, हे दोन ओळींत लिहून आधीच फाईलला लावा. पंधरा दिवस वाचतात.

हे प्रथिन बहुधा एचईके २९३ या सस्तन पेशींत बनवतात. त्यावर साखरेच्या साखळ्या चढलेल्या असतात आणि आत डायसल्फाइड बंध असतात. साध्या जिवाणूत बनवायला गेलं की त्याची घडी नीट बसत नाही. किंमत चढते ती इथेच.

आधी ईलचं, मग माणसाचं

विजेचा धक्का देणाऱ्या ईल माशापासून काढलेलं हेच एन्झाइम बाजारात बऱ्याच कमी पैशात मिळतं, आणि भारतातले कितीतरी शोधनिबंध त्याच्यावरच उभे आहेत. माझं मत स्पष्ट आहे: वनस्पतींचे चाळीस अर्क चाळायचे असतील तर ईलचं पुरेसं आहे. त्यातून दोन-तीन चांगले निघाले की मानवी एन्झाइमवर पडताळा घ्या. रेणूची रचना बदलून औषध घडवायचं असेल तर मात्र मानवीच हवं. दोन्हींची घडण बरीच सारखी असली तरी निरोधकाची, म्हणजे एन्झाइमला आवरणाऱ्या पदार्थाची, पकड तंतोतंत सारखी येत नाही.

आणि दोन्हीकडे पद्धत एकच, १९६१ साली जॉर्ज एलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली. म्हणून सगळे हात ईलवर बसवा. पिपेट कुणाचं सरळ चालतं, प्लेट-रीडर, म्हणजे द्रावणांचा रंग मोजणारं यंत्र, पहिला आकडा घ्यायला किती सेकंद लावतं, हे सगळं तिथेच कळतं.

मागवताना कागद वाचा

कोटेशनवरची किंमत पाहण्याआधी त्या मालाचं विश्लेषण-प्रमाणपत्र मागवा. त्यात मी पहिल्यांदा पाहते ते युनिट. बहुतेक ठिकाणी एक युनिट म्हणजे पीएच ८.०, ३७ अंश सेल्सिअसला मिनिटाला एक मायक्रोमोल सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्याला फोडतं तो पदार्थ) फोडणारं एन्झाइम. पण कुणी २५ अंशांवर मोजतं, कुणी वेगळा सब्स्ट्रेट वापरतं. दोन कंपन्यांचे 'हजार युनिट' एकसारखे समजू नका.

दुसरी गोम 'प्रति मिलिग्रॅम' या शब्दांत असते. प्रति मिलिग्रॅम प्रथिन की प्रति मिलिग्रॅम पावडर? बाटलीत बफरचे क्षार आणि टिकाऊपणासाठी घातलेलं दुसरं प्रथिन असतं, त्यामुळे पावडर तोलून हिशोब केला की तो हमखास चुकतो. बाटलीत एकूण किती युनिट आहेत, तेवढंच धरा.

मार्चच्या शेवटी अनुदान संपवायच्या घाईत ऑर्डर टाकली की माल एप्रिल-मेमध्ये येतो. हे टाळता येत असेल तर टाळा. नाहीच टाळता आलं तर विक्रेत्याकडून लेखी घ्या: पाठवणी सोमवारी, विमानाने, पुरेशा ड्राय आइसमध्ये. आणि आपल्याकडच्या स्थानिक सुट्ट्या त्यांना कळवा. मुंबई-बंगळुरूच्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत असते हे कुठून माहीत असणार?

पार्सल आलं की

खोकं उघडायच्या आधी फोटो, उघडल्यावर फोटो, ड्राय आइस उरला असेल तर त्याचा फोटो. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर हाच पुरावा.

बाटली लगेच उघडू नका. थंड बाटलीचं झाकण काढलं की हवेतला ओलावा आत धावतो. नागपूरकर प्रयोगशाळेत एक जास्तीचा शत्रू आहे, तो म्हणजे कूलर. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन असलं तरी कूलरच्या झोतात हवा दमट असते, आणि बाटलीवर पाहता पाहता दव धरतं. कूलर बंद करा, बाटली सिलिका जेलच्या डब्यात ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा, कारण वाटेतल्या धक्क्यांनी पावडर झाकणाला चिकटलेली असते. हे विसरलं की अर्धं एन्झाइम झाकणासोबत कचऱ्यात जातं.

विरघळवणं आणि वाटे पाडणं

विरघळवायला कुठला द्रव, ते कंपनीच्या कागदावर असेल तेच पाळा. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर आम्ही पीएच ७.४ चा गार फॉस्फेट बफर घेतो, त्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन. हे अल्ब्युमिन शोभेला नाही. पातळ केलेलं एन्झाइम प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून बसतं. अल्ब्युमिन आधी जाऊन ती जागा अडवतं. विरघळवताना व्हॉर्टेक्स, म्हणजे नळी जोरात घुसळणारं यंत्र, लावायचा नाही. फेस आला की प्रथिन बिघडलंच समजा. बाटली बर्फात कलती धरून हळूच फिरवा, दहा मिनिटं दम धरा.

आता हिशोब. समजा बाटलीत १०० युनिट आहेत आणि तुम्ही ती १ मिलिलिटरमध्ये विरघळवली. प्रत्येक वेलला, म्हणजे प्रयोगाच्या प्लेटमधल्या एकेका खळग्याला, लागतात साधारण १.४ मिलियुनिट. म्हणजे कागदावर एका बाटलीतून सत्तर हजार वेल होतात! माल महाग असूनही परवडतो तो यामुळे. आणि वाया जातो तोही यामुळेच, कारण एवढं एन्झाइम एका नळीत ठेवून दर आठवड्याला वितळवून पुन्हा गोठवणारे महाभाग आहेत. दर वेळी थोडं थोडं मरतं. १० मायक्रोलिटरचे शंभर वाटे पाडा, वजा ८० अंशांत ठेवा. एक वाटा एकदाच बाहेर काढायचा, उरलेलं फेकायचं. फेकताना जीव तुटतो, पहिले दोन महिने.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर या कामाला नको. बर्फ साचू नये म्हणून तो स्वतःच अधूनमधून गरम होतो.

बफर, रंग आणि सब्स्ट्रेट

०.१ मोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ८.०. डायसोडियम आणि मोनोसोडियम फॉस्फेटची ०.१ मोलर द्रावणं वेगवेगळी करा आणि पहिल्यात दुसरं पीएच-मीटर पाहत मिसळा. प्रमाण ९३ ला ७ च्या आसपास पडतं. ट्रिस बफर वापरू नका असं मी आग्रहाने सांगते. ट्रिसचा पीएच प्रत्येक अंशाला सुमारे ०.०३ ने उतरतो. २५ अंशांवर ८.० ला बसवलेला ट्रिस ४० अंशांच्या खोलीत ७.६ होऊन बसतो. फॉस्फेटचा फरक याच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

डीटीएनबी हा रंग देणारा पदार्थ. एलमन पद्धतीची मजा अशी की, खऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनऐवजी अ‍ॅसिटिलथायोकोलिन देतात. ते फुटलं की थायोकोलिन सुटतं, ते डीटीएनबीशी भिडतं आणि पिवळा टीएनबी तयार होतो. एन्झाइम जेवढं जोरात, तेवढा पिवळा लवकर चढतो. मोजायचं ४१२ नॅनोमीटरवर. रीडरला ४०५ चाच फिल्टर असेल तर तोही चालतो, फक्त शोषणांक थोडा वेगळा धरावा लागतो.

डीटीएनबीचा साठा पीएच ७.० च्या बफरमध्ये करा: १० मिलिलिटरमध्ये ३९.६ मिलिग्रॅम आणि विरघळायला मदत म्हणून १५ मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट. हे झालं १० मिलिमोलर. अल्युमिनियम फॉइल गुंडाळा. पीएच ८ मध्ये साठवलं तर ते आपोआप पिवळं पडत जातं.

अ‍ॅसिटिलथायोकोलिन आयोडाइड ओलावा ओढतं, आणि पाण्यात घातल्यावर स्वतःहूनही फुटत राहतं. ताजं करा, बर्फात ठेवा. साठवायचंच असेल तर छोटे वाटे करून वजा २० मध्ये. तपासणी सोपी आहे: बफर आणि डीटीएनबीमध्ये थोडं टाका, एन्झाइम नको. लगेच पिवळं दिसलं तर सब्स्ट्रेट शिळा.

"रूम टेम्परेचर" म्हणजे कुणाची रूम?

परदेशी प्रोटोकॉलमध्ये "खोलीच्या तापमानाला दहा मिनिटं ठेवा" असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर २०-२५ अंशांची खोली असते. आमच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात भिंतीवरचा थर्मामीटर ३८ दाखवतो, डिसेंबरच्या सकाळी १८. एन्झाइमचा वेग तापमानासोबत वाढतो, आणि सब्स्ट्रेटचं आपोआप फुटणंही वाढतं. एकाच विद्यार्थ्याचे जानेवारीतले आणि मेमधले आकडे जुळत नाहीत, तेव्हा गुरुजी विद्यार्थ्यावर संशय घेतात. आधी थर्मामीटरवर घ्यावा.

प्लेट-रीडर २५ अंशांवर लावू नका. बहुतेक यंत्रं तापवू शकतात, थंड करू शकत नाहीत, आणि खोली तापली की २५ हा नुसता पडद्यावरचा आकडा राहतो. आम्ही बारा महिने ३० वर मोजतो आणि उन्हाळ्यात एसीची खोली मागून घेतो. ३७ वर मोजलंत तरी चालेल. काहीही निवडा, पण तेच धरून राहा, आणि बफरसुद्धा त्याच तापमानाला आणून वापरा.

प्लेट लावणं

९६ वेलची प्लेट, एका वेलमध्ये एकूण २०० मायक्रोलिटर. क्रम असा: आधी १४० मायक्रोलिटर बफर. त्यात निरोधकाचं दहापट तीव्र द्रावण २० मायक्रोलिटर. मग एन्झाइम २० मायक्रोलिटर, मिलिलिटरला ०.०७ युनिट या ताकदीचं. हे एन्झाइम त्याच सकाळी दोन टप्प्यांत पातळ करायचं: वितळवलेल्या १० मायक्रोलिटरच्या वाट्यात ९९० मायक्रोलिटर अल्ब्युमिनचा बफर, आणि त्यातलं १४० मायक्रोलिटर घेऊन एकूण २ मिलिलिटर करायचं. एवढ्यात पूर्ण प्लेट निघते. सगळं बर्फात.

पंधरा मिनिटं तसंच ठेवा. मग साठ्यातून पातळ केलेलं ६ मिलिमोलर डीटीएनबी १० मायक्रोलिटर घाला, दोन मिनिटं नुसतं वाचन घ्या. रेघ सपाट हवी. शेवटी १० मिलिमोलर सब्स्ट्रेट १० मायक्रोलिटर, आठ तोंडांच्या पिपेटने, आणि धावत रीडरकडे. दर ३० सेकंदांना वाचन, पाच ते दहा मिनिटं.

सब्स्ट्रेट शेवटी ०.५ मिलिमोलर होतो. "जास्त घातला तर जास्त वेग" हा हिशोब इथे लागत नाही. या एन्झाइमचं अजीर्ण होतं. सब्स्ट्रेट फार वाढवला की वेग उलट उतरतो. त्याच्या भावंडाचं, ब्युटिरिलकोलिनएस्टरेजचं असं होत नाही, त्यामुळे बाटलीत भलतंच एन्झाइम नाही ना, हे पाहायचीही ही एक खूण आहे.

दर प्लेटवर तीन प्रकारचे कंट्रोल हवेतच: एन्झाइम नसलेले, सब्स्ट्रेट नसलेले, आणि निरोधकाऐवजी नुसतं द्रावक असलेले. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण डीएमएसओ हे नेहमीचं द्रावक स्वतःच या एन्झाइमला दाबतं. वेलमध्ये त्याचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवा.

पिवळ्याचा आकडा

फक्त सरळ रेघेचा भाग घ्या. समजा मिनिटाला शोषण ०.०६० ने वाढतंय. टीएनबीचा मोलर शोषणांक १४,१५० आणि २०० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये प्रकाशाची वाट साधारण ०.६ सेंटिमीटर. ०.०६० ला १४,१५० गुणिले ०.६ ने भागा: मिनिटाला ७.१ मायक्रोमोलर. २०० मायक्रोलिटरमध्ये ते १.४ नॅनोमोल, म्हणजे १.४ मिलियुनिट. वर धरलेला आकडा हाच. लेबलवरचं युनिट ३७ अंशांचं असेल आणि तुम्ही ३० वर मोजत असाल तर कमीच येईल, घाबरू नका. पाच मिनिटांत सात नॅनोमोल गेले, वेलमध्ये होते शंभर. दहा टक्क्यांच्या आत आहोत, म्हणून रेघ सरळ. रेघ वाकली तर एन्झाइम निम्मं करा.

एन्झाइम नसलेल्या वेलचा वेग यातून वजा करायला विसरू नका. उन्हाळ्यात तो दुर्लक्ष करण्याएवढा लहान नसतो.

निरोधकाचा आयसी-५०, म्हणजे एन्झाइमचा वेग निम्मा करणारी तीव्रता, काढायचा तर सात-आठ तीव्रता, प्रत्येकीला तीन वेल, आणि तीन वेगवेगळ्या दिवशी. एकाच दिवशीच्या तीन प्लेट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. डोनेपेझिल नॅनोमोलरच्या पट्ट्यात यायला हवं; ते मायक्रोमोलरमध्ये दिसलं तर तुमच्या नव्या रेणूचे आकडे लिहायच्या फंदात पडू नका. रिव्हास्टिग्मिनसारखी कार्बामेटं हळूहळू पकड घेतात, त्यांचा आकडा आधी किती मिनिटं ठेवलंत त्यावर बदलतो. म्हणून ती मिनिटं आकड्याच्या शेजारीच लिहायची.

हळदीचा घोटाळा

आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी हळद, ब्राह्मी, शंखपुष्पी घेऊन येतं. हळदीचं कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. म्हणजे ज्या पिवळ्यावर आपण मोजतोय, त्याच पिवळ्यावर ते बसलेलं असतं. सुरुवातीचं शोषण एवढं वर जातं की रीडरला फरक दिसत नाही, आणि विद्यार्थी आनंदाने लिहितो "९० टक्के निरोध".

उपाय: एन्झाइमच न घालता, डीटीएनबीमध्ये थायोकोलिनसारखंच त्याच्याशी भिडणारं सिस्टीन चिमूटभर टाकून पिवळा रंग आधीच तयार करा, त्यात अर्क घाला. रंगाचं शोषण उतरलं तर अर्क एन्झाइमला नाही, रंगालाच खातोय. शिवाय टॅनिनवाले अर्क कुठल्याही प्रथिनाला गुंडाळतात. ०.०१ टक्के ट्रायटन (साबणासारखा पदार्थ) घालून पुन्हा करा. निरोध गायब झाला तर तो निरोध नव्हताच. मागच्या सहा अर्कांपैकी या दोन चाळण्यांतून आमच्याकडे एकच उरला. विद्यार्थिनी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

वीज

वजा २० च्या फ्रीझरमध्ये एक छोटा पेला ठेवा, त्यात पाणी गोठवा आणि वर रुपयाचं नाणं. वीज बराच वेळ गेली की बर्फ वितळतो, नाणं बुडतं, वीज आल्यावर सगळं पुन्हा गोठतं. फ्रीझर काही झालंच नाही असा चेहरा करून बसलेला असतो, पण नाणं तळाशी असतं.

गेल्या जूनमध्ये पहिल्या वादळी पावसाच्या शनिवार-रविवारनंतर आमचं नाणं तळाशी सापडलं. सब्स्ट्रेटची एक नळी डीटीएनबीत टाकून पाहिली, एन्झाइमशिवायच पिवळी. सगळ्या टाकल्या. मानवी एन्झाइमची पेटी जनरेटरवरच्या वजा ८० मध्ये होती. काकांनी त्यातली चौतिसावी नळी काढली, वहीत खूण केली. नवा सब्स्ट्रेट करून ती लावली, शेजारच्या रांगेत ईल. मिनिटाला ०.०५९ आलं. मेच्या पानावर ०.०६१ होतं.